कव्हरच्या आतली नावं

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे कॅसेटी-रेकॉर्डींचं दुकान बंद झालं त्याला दहा वर्षं झाली. २०१६च्या फेब्रुवारीअखेर शटर खाली आलं, पुढे ती जागा नीरव मोदीच्या कंपनीकडे गेली आणि मग ईडीच्या जप्तीत अडकली. त्या दुकानावर मुंबईतल्या पुष्कळांनी लिहिलं आहे, त्यात भर घालायचं माझ्या मनात नव्हतं. पण गेल्या भाद्रपदात इथे वसईजवळ वालीवला एका संकुलात गणपतीपुढे अभंगांचा कार्यक्रम झाला. गाणारी मुलं तयारीची होती. निवेदन करणाऱ्या मुलीने मोबाइलमध्ये पाहून सांगितलं, ‘अभंग तुकाराम महाराजांचा, चाल पारंपरिक.’ चाल श्रीनिवास खळ्यांची होती. कार्यक्रम संपल्यावर तिला जाऊन भेटलो. तिचा काही दोष नव्हता. ॲपवर तसंच लिहिलं होतं, तिने दाखवलंही. वर गायिकेचं नाव, खाली कंपनीचं आणि संगीतकाराच्या जागी ‘ट्रॅडिशनल’.

खळेकाका २०११ साली गेले. दिंडीत पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्या जाणाऱ्या चाली वेगळ्या आणि लताबाईंचा गळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या ‘अभंग तुकयाचे’मधल्या चाली वेगळ्या. कान असलेल्या माणसाला तो फरक पहिल्या ओळीत कळतो. दीड दशकात एवढ्या मोठ्या माणसाचं नाव स्वतःच्या कामावरून पुसलं जातं, हे माझ्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून जुन्या कॅसेटी खाली काढून बसलो आहे.

साठ-सत्तरच्या दशकांवर मी बोलणार नाही. तेव्हा घरात फक्त रेडिओ होता, आणि रेडिओवरचे निवेदक गीतकार-संगीतकारांची नावं न चुकता सांगत. त्याही आधी पुण्याच्या आकाशवाणीने १९५५-५६ साली ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गाणी आठवड्यामागून आठवडा ऐकवली. गदिमा आणि बाबूजी ही नावं घराघरांत गेली ती तिथूनच. ऐंशीचं दशक मात्र मला नीरस वाटतं. ड्रम मशीनची टकटक, डिस्कोची उरलीसुरली लाट आणि व्हर्जन गाणी. कॉपीराइट कायद्यात एक वाट होती: मूळ ध्वनिमुद्रण निघून ठरावीक काळ लोटला, की नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्या आवाजात काढता यायचं. टी-सीरिजने त्या वाटेचा महामार्ग केला. स्वस्त कॅसेटींमुळे गाणं गरिबाच्या घरात पोचलं, हे खरंच आहे आणि ते श्रेय मी देतो. पण त्याच कॅसेटींनी आम्हाला दुसऱ्याच्या गळ्यातले रफी आणि मुकेश ऐकायची सवय लावली. मूळ गाणं कुणाचं, वाजवलं कुणी, असं विचारणारं कुणी राहिलं नाही. आजचा ‘ट्रॅडिशनल’ त्या सवयीतूनच आला आहे, असं माझं ठाम मत आहे.

मला राहावंसं वाटतं ते नव्वदच्या दशकात. तेव्हा मी वालीवच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका इंजिनीअरिंग गाळ्यात लेथवर होतो. आमच्याकडे सुट्टी शुक्रवारची. रविवारी मुंबईची निम्मी दुकानं बंद असतात, त्यामुळे शुक्रवारची सुट्टी ही गाणं ऐकणाऱ्याला पर्वणीच होती. शेअर रिक्षाने वसई रोड, तिथून विरार लोकलने चर्चगेट, मग चालत काळा घोडा. ऱ्हिदम हाऊसमध्ये हेडफोन लावून ऐकू द्यायचे. घ्यायची एकच कॅसेट, पण कव्हरं वाचायची वीस. उलट्या प्रवासात गर्दीत हात हलवायला जागा नसायची, तरी खिशातलं कव्हर काढून भाईंदरची खाडी येईपर्यंत ते वाचून संपलेलं असायचं.

ते कव्हर म्हणजे घडीचा कागद. बाहेर चित्र, आत तीन-चार पानं, त्यावर मुंगीएवढी अक्षरं. गाळ्यात टेप लावायचा तर आधी बोटांवरचं कटिंग ऑइल कापडाने पुसायचं, नाहीतर कागदावर ठसा उठायचा. माझ्या ‘ओंकार स्वरूपा’वर असा एक काळा अंगठा अजून आहे. सुरेश वाडकरांनी गायलेला आणि श्रीधर फडक्यांनी बांधलेला तो अल्बम माझ्या मते त्या काळातलं मराठी भक्तिसंगीताचं सर्वांत स्वच्छ काम. चाल शब्दांच्या आड कुठेही येत नाही. भीमसेनजी आणि लताबाईंचा ‘राम श्याम गुणगान’ त्याहून कितीतरी गाजला. चाली खळ्यांच्या, शब्द पंडित नरेंद्र शर्मांचे, चौघांबद्दल मला अपार आदर, पण दोन शिखरं शेजारी उभी करण्याच्या नादात गाणं थोडं भारावून गेलंय असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

रहमानने माझं ऐकणं बदललं. १९९२चा ‘रोजा’ सगळ्यांनीच ऐकला, मला मात्र १९९५चा ‘बॉम्बे’ जास्त लागला, आणि त्यातही शब्द नसलेली ती बासरीची धून. ती बासरी नवीन कुमार यांची. हे मला कळलं कारण रहमानने वाजवणाऱ्यांची नावं कॅसेटवर छापायचा पायंडा पाडला होता. त्याआधी हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डवर संगीतकाराच्या पुढे कुणी नसायचंच. मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन, केर्सी लॉर्ड यांचा ॲकॉर्डियन, सेबॅस्टियन डिसोझांनी लिहिलेली व्हायोलिनची वळणं, सगळं काम अनामिक. गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे तर प्यारेलालजींचे गुरू. शिष्याने १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’मधल्या पात्राच्या तोंडी त्यांचं नाव घातलं, तेव्हा कुठे ते देशभर पोचलं, आणि तरीही लोकांना ते अमिताभचंच नाव वाटत राहिलं. या वादकांचा इतिहास ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने २००८ साली पुस्तकात मांडला. हे काम आपल्याकडच्या कुणी त्याआधी वीस वर्षं करायला हवं होतं.

इंग्रजी गाणं मला वसईतल्या पापडीच्या एका मित्राने दिलं. त्याचा मोठा भाऊ आखातात होता, तो येताना कॅसेटी आणायचा. मेटॅलिकाचा १९९१चा काळ्या कव्हरचा अल्बम आम्ही इतका वाजवला की टेप ताणली जाऊन आवाज डोलायला लागला. मायकेल जॅक्सन १ नोव्हेंबर १९९६ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात येऊन गेला. त्याचा ‘डेंजरस’ मला आवडतो, ‘हिस्टरी’ नाही. दुसऱ्यात राग जास्त आणि सूर कमी. पण त्या मित्राचं सर्वांत मोठं देणं म्हणजे पॉल सायमनचा १९८६चा ‘ग्रेसलँड’. दक्षिण आफ्रिकेच्या लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो या गायकमंडळींचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते त्या कव्हरवर. त्याच अल्बमबद्दल लॉस लोबोस या बँडची तक्रार मात्र आजवर मिटलेली नाही: शेवटच्या गाण्याची मूळ कल्पना आमची आणि श्रेय एकट्या सायमनचं. म्हणजे जिथे नावं छापतात तिथेही भांडून घ्यावी लागतात.

१९९६ सालीच लकी अलीचा ‘सुनो’ आला आणि हरिहरन-लेझली लुईस यांचा ‘कलोनियल कझिन्स’. दुसऱ्याचं फार कौतुक झालं. मला तो दोन चांगल्या घरांमधला औपचारिक साखरपुडा वाटतो. ‘सुनो’ मात्र आजही ताजा आहे, कारण त्या आवाजाला कुणालाही काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. नुसरत फतेह अली खान १९९७च्या ऑगस्टमध्ये गेले. त्याच महिन्यात, चारच दिवस आधी, गुलशन कुमारांची अंधेरीत हत्या झाली होती. वर्तमानपत्रांनी कुणाला किती जागा दिली ते मला स्वच्छ आठवतं, आणि त्याचं दुःख अजून गेलेलं नाही. नुसरतसाहेबांच्या चाली हिंदी सिनेमाने आधीच वाटून घेतल्या होत्या. मायकेल ब्रुकबरोबर केलेला १९९०चा ‘मस्त मस्त’ हातात आला तेव्हा गाळ्यातली पोरं म्हणाली, हे तर ‘मोहरा’तलं गाणं. उलटं आहे रे बाबांनो, असं सांगून मी थकलो.

शास्त्रीय संगीतात मी शिकलेला माणूस नाही. किशोरीताईंचा भूप मात्र मी दिवसपाळी संपल्यावर, मशीन बंद करून ऐकायचो. आधी विलंबित, मग ‘सहेला रे’. रेकॉर्डच्या एका बाजूत राग बसवायचा म्हणजे एकही जागा वाया घालवता येत नाही, आणि त्या बंधनातच ताईंचं गाणं इतकं नितळ झालं आहे. पुण्याच्या सुरेश अलूरकरांनी याच काळात आपल्या म्युझिक हाऊसमधून शास्त्रीय कॅसेटी काढल्या. मोठ्या कंपन्या ज्यांच्याकडे वळत नव्हत्या असे बुजुर्ग एका माणसाच्या वेडापायी घरी ऐकता आले. म्युझिक टुडे या कंपनीच्या कॅसेटींवर रागाचा समय, बंदिश, साथीदार सगळं नीट असायचं. त्यांच्याच ‘द एलिमेंट्स’ मालिकेतला झाकीरभाईंचा ‘स्पेस’ मी घेतला. २०२४च्या डिसेंबरात ते गेले, तेव्हा दिवसभर सगळ्यांच्या स्टेटसवर त्यांचे तेच तीस सेकंद फिरत होते, शेजारी सारंगीवर लेहरा कोण धरून बसलंय याचा पत्ता नाही. लेहऱ्याशिवाय तबल्याचा सोलो उभा राहत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याला ते किती बोचतं!

याच दशकातला आणखी एक हिशेब मला चुकता करायचा आहे. दादर-पार्ल्याच्या रसिकांत कोळीगीतांना संगीत मानायची पद्धत नव्हती. वेसावकर आणि मंडळींची ‘वेसावची पारू’ आमच्या पट्ट्यात हळदीच्या रात्री वाजायची आणि मांडवाबाहेरची म्हातारी माणसंही उठून नाचायची. लय पक्की, कोरस मोकळा, भाषा घरातली. त्यावर बेंजो पार्टी असायची. बेंजोवाला मांडीवर वाद्य घेऊन एका हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायचा, दुसऱ्या हाताने पत्री फिरवायचा, आणि वरच्या पट्टीत गेला की डोळे मिटून मान तिरकी करायचा. तो कोण, कुठल्या गावचा, हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. आज त्याच जागी डीजेची भिंत उभी राहते. आवाजाने छाती हादरते, घरातल्या आजारी माणसांना कानात कापूस घालून बसावं लागतं, आणि गाणं कुणाचं हे ऑपरेटरलाही सांगता येत नाही.

नव्वदी संपता संपता ‘गारवा’ आला. सौमित्रचे शब्द, मिलिंद इंगळेची चाल आणि आवाज. गाण्याआधी बोलायचं ही त्यांची कल्पना मला मनापासून आवडली, पण पुढे दहा वर्षं प्रत्येक अल्बममध्ये पाऊस आणि पुटपुटणं सुरू झालं, त्याने मूळ कामाचा ताजेपणाही झाकला गेला. २००० नंतर रीमिक्स आलं, एमपीथ्रीच्या सीडीत दीडशे गाणी कोंबली जाऊ लागली, त्यावर लिहावं असं माझ्याकडे काही नाही. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही असं ठरलं. जावेद अख्तरांनी संसदेत त्यासाठी जीव तोडून बाजू मांडली. पण ज्याच्या नावाच्या जागी ‘ट्रॅडिशनल’ लिहिलंय, त्याच्या वारसांनी तो हक्क मागायचा कशाच्या आधारावर?

माझ्या खोक्यात कुठल्याच कंपनीची नसलेली एक कॅसेट आहे. पापडीच्या त्या मित्राने दिलेली, लग्नात म्हणायच्या कादोडी बोलीतल्या गाण्यांची. गावातल्याच मंडळींनी कोऱ्या कॅसेटवर भरलेली, मागे ब्रास बँड. कव्हर म्हणजे वहीचा दुमडलेला कागद. त्यावर निळ्या शाईत गाणाऱ्या बायकांची नावं आहेत, ट्रम्पेट आणि ढोलवाल्यांची आहेत, कुठलं गाणं कुणाच्या आजीकडून मिळालं तेही गाण्यापुढे लिहिलंय. शेवटी ज्याच्या घरात टेप लावला त्याचं आणि चहा करणाऱ्या वहिनींचंही नाव आहे. गावातल्या चार माणसांना कोऱ्या कॅसेटवर जे जमलं, ते मूळ रेकॉर्डी, कव्हरं आणि करारांची कागदपत्रं कपाटात असलेल्या कंपन्यांना का जमू नये, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.