कपभर कविता

ऑफिसमधल्या डेस्कवरचा तुमचा मग एकदा नीट बघा. त्यावर कंपनीचा लोगो असेल, नाहीतर सोमवारला शिव्या घालणारी एखादी ओळ. चहाच्या भांड्यावर काहीतरी लिहिलेलं असावं, ही हौस आपल्यालाही आहेच! जपानमध्ये ही हौस फारच सुंदर वळणावर गेली. तिथे भांड्यांवर फुलं उमलली, कविता आल्या. आणि त्या कवितांच्या जोरावर एका बाईनं चक्क स्वतःचं पोट भरलं. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त इंटरेस्ट आहे तो तिच्यातच.

दोन भावांची पार्टनरशिप

सुरुवात तिच्याही आधीची. ओगाता केन्झाननं १६९९ मध्ये क्योटोजवळ नारुताकीला भट्टी टाकली. त्याचा थोरला भाऊ कोरिन नावाजलेला चित्रकार. कोरिननं चित्र काढायचं, केन्झाननं अक्षरं लिहायची, अशी जोडी जमली. केन्झाननं १७०२ मध्ये बारा महिन्यांच्या बारा चौकोनी थाळ्या केल्या. पुढच्या बाजूला त्या महिन्याचं फूल आणि पक्षी, मागे जुन्या कवी तेइकाच्या कविता. मातीच्या भांड्यावर चित्र आणि कविता एकत्र नांदू लागल्या.

चाळिशीतलं करिअर

ओतागाकी रेंगेत्सुचा जन्म १७९१ चा, क्योटोचा. लहानपणी ती किल्ल्यात सेवेला होती. तिथे कविता, सुंदर हस्ताक्षर आणि शस्त्रविद्याही शिकली. पुढचं आयुष्य मात्र अंगावर येणारं आहे. पहिलं लग्न मोडलं, तान्ही मुलं गेली. दुसरा नवरा १८२३ मध्ये वारला. तिनं केस उतरवले आणि बौद्ध भिक्षुणी झाली. 'रेंगेत्सु' हे नाव तेव्हाचं. अर्थ, कमळ आणि चंद्र. १८३२ मध्ये तिला वाढवणारे वडीलही गेले. वय एक्केचाळीस, हाताशी कुणी नाही आणि पोट तर भरायचंय. मग तिनं माती हातात घेतली.

कुंभाराचं चाक नाही, स्वतःची भट्टीही नाही. हातानंच किटल्या, कप, वाडगे घडवायचे. माती ओली असतानाच टोकदार काडीनं त्यावर स्वतःची कविता कोरायची आणि दुसऱ्यांच्या भट्टीत भाजून आणायची. बोटांचे ठसे तसेच राहायचे. ओळी भांड्याभोवती फिरत जातात, त्यामुळे कविता पुरी वाचायची तर कप हातात फिरवावा लागतो. घाईत वाचताच येत नाही!

डुप्लिकेट माल

माल इतका खपला की बाजारात नकला आल्या. आपण असतो तर आधी वकील गाठला असता. ही बाई म्हणे नकला करणाऱ्यांच्या भांड्यांवरही आपल्या कविता लिहून द्यायची. मिळालेला पैसा दुष्काळग्रस्तांना आणि कामो नदीवरच्या पुलाला दिला. घरं तर इतकी बदलली की लोक तिला 'घरबदली रेंगेत्सु' म्हणायचे. अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर राहणाऱ्यांना ती आपलीच वाटेल.

तिच्याकडे माती आणि भांडी वाहायला एक पोरगा होता. तोमिओका तेस्साई. पुढे तो जपानचा मोठा चित्रकार झाला. रेंगेत्सु १८७५ मध्ये गेली, तेव्हा तिच्या समाधीच्या दगडावरची अक्षरं त्यानंच लिहिली. जिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपांवर लिहिलं, तिच्यासाठी एवढं तरी कुणीतरी लिहायलाच हवं होतं, असं मला वाटतं.

टी-ब्रेक

• चावान : माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड घुसळून पिण्याचा वाडगा. रेंगेत्सुची बरीचशी भांडी मात्र सेंचासाठी, म्हणजे पानांच्या चहासाठी होती.

• वाका : ५-७-५-७-७ अशी ३१ अक्षरांची कविता. शिरीष पैंमुळे आपल्या ओळखीचा झालेला हायकू ५-७-५ चा, म्हणजे वाका त्याची थोरली बहीण.

• क्योटोला गेलात तर : शहराच्या उत्तरेला जिन्को-इन हे देऊळ आहे. रेंगेत्सुची शेवटची वर्षं तिथेच गेली.