शस्त्रक्रियेच्या टेबलाकडून हेलिकॉप्टरच्या आसनाकडे

डॉक्टर मोटारगाडी चालवतात यात नवल वाटण्याजोगे काही नाही. पण मेंदूवरील शस्त्रक्रियांच्या विभागात काम करणारी एक लष्करी डॉक्टर हेलिकॉप्टर चालवायला शिकते आणि रणभूमीवरून जखमींना स्वतः उचलून आणू लागते, हे मात्र नवलाचे खरे. ही गोष्ट १९५० सालची आहे. त्या वेळी हेलिकॉप्टर हेच मुळी नवे वाहन होते. या डॉक्टरांचे नाव व्हॅलेरी आंद्रे. युद्धक्षेत्रात हेलिकॉप्टर चालवणाऱ्या पहिल्या महिला म्हणून त्या ओळखल्या जातात.

त्यांनी आपला व्यवसाय का बदलला? की तो बदललाच नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला थोडे शरीरशास्त्र आणि थोडे पदार्थविज्ञान लागणार आहे.

जीव कोठे जातो?

व्हॅलेरी आंद्रे यांचा जन्म २१ एप्रिल १९२२ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे झाला. विमान चालवण्याची हौस त्यांना शाळकरी वयापासून होती. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि हवाईछत्रीने उडी मारण्याचेही शिकल्या. १९४८ मध्ये फ्रेंच सैन्याच्या डॉक्टर म्हणून त्या इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनाम, लाओस व कंबोडिया या प्रदेशात गेल्या. तेथे फ्रेंच सत्तेविरुद्ध व्हिएतनामी जनतेचा स्वातंत्र्यलढा चालू होता. १९४६ पासून १९५४ पर्यंत चाललेल्या त्या युद्धात दोन्ही बाजूंची असंख्य माणसे मेली आणि जखमी झाली. सायगावच्या लष्करी रुग्णालयात डॉ. आंद्रे मेंदूच्या शस्त्रक्रिया विभागात काम करू लागल्या.

आता हे पाहा. आपली कवटी म्हणजे हाडांची एक बंद पेटी आहे. डोक्याला मार लागून आत रक्तस्राव झाला, तर त्या रक्ताला पसरायला जागा नसते. कवटी ताणली जात नाही. त्यामुळे आतला दाब वाढत जातो आणि मऊ मेंदू चेपला जातो. हा दाब वेळेवर कमी केला तर रोगी वाचू शकतो. उशीर झाला, तर शल्यविशारद कितीही कुशल असो, त्याचा इलाज चालत नाही. पोटात किंवा मांडीत मोठा रक्तस्राव होत असेल, तर तेथेही घड्याळाशीच शर्यत असते.

समजा, एक जखमी माणूस रुग्णालयापासून ६० किलोमीटर अंतरावर पडला आहे. वाटेत जंगल, चिखल आणि भातखाचरे आहेत. डोली खांद्यावर घेऊन माणसे ताशी ३ किलोमीटर चालली, तर त्यांना २० तास लागतील, आणि तेही कोठेही न थांबता! विमान वेगवान खरे, पण त्याला उतरायला धावपट्टी हवी. जंगलात ती कोठून आणणार? हेलिकॉप्टर मात्र अंगणाएवढ्या मोकळ्या जागेत सरळ खाली उतरते. त्याचा वेग ताशी १०० किलोमीटर धरला, तर हेच अंतर ३६ मिनिटांत कापले जाईल.

२० तास आणि ३६ मिनिटे! टेबलापाशी उभे राहून वाचवता येणार नाहीत असे कितीतरी जीव वाटेतच जात होते. उपचारांची साखळी टेबलापाशी नव्हे, वाटेवर तुटत होती. १९५० मध्ये इंडोचायनात जखमींना आणण्यासाठी हेलिकॉप्टरे आली. अलेक्सिस सांतिनी या वैमानिकाने चालवलेले असे यंत्र डॉ. आंद्रे यांनी पाहिले आणि त्यांचा निर्णय झाला. त्या फ्रान्सला गेल्या, हेलिकॉप्टर चालवण्याचे रीतसर शिक्षण घेतले आणि पुन्हा इंडोचायनात परतल्या.

दोन हात, दोन पाय, चार कामे

विमान चालवता येते, मग हेलिकॉप्टर त्यात काय, असे तुम्हाला वाटेल. पण या दोन विद्या निराळ्या आहेत.

विमानाचे पंख स्थिर असतात. विमान पुढे धावते तेव्हा त्यांच्याभोवती हवा वाहते आणि विमान उचलले जाते. हेलिकॉप्टरमध्ये पंखच गरगर फिरतात. डोक्यावरची ही लांब पाती हवा खाली ढकलतात आणि हवा पात्यांना वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. पण याच नियमामुळे एक अडचण उभी राहते. एंजिन पात्यांना एका दिशेने फिरवते, तेव्हा हेलिकॉप्टरचे धड उलट दिशेने फिरू पाहते. ते थांबवण्यासाठी शेपटीला एक छोटा उभा पंखा बसवलेला असतो.

वैमानिकाच्या डाव्या हाताशी एक दांडा असतो. तो वर उचलला की सगळ्या पात्यांचा कोन वाढतो आणि हेलिकॉप्टर वर चढू लागते. उजव्या हातातील दांड्याने पात्यांचे चक्र पुढेमागे किंवा डावीउजवीकडे कलते व हेलिकॉप्टर त्या बाजूला सरकते. पायाखालच्या दोन पट्ट्यांनी शेपटीचा पंखा आवरायचा असतो. शिवाय त्या काळच्या लहान हेलिकॉप्टरांत एंजिनाला इंधन कमीजास्त देण्यासाठी डाव्या हाताची मूठ पिळावी लागे.

खरी गंमत पुढेच आहे. यातले कोणतेही एक काम केले की बाकीची तिन्ही बिघडतात! डावा दांडा उचलला की पात्यांना हवेचा विरोध वाढतो, म्हणून इंधन वाढवायचे. इंधन वाढवले की धड जोराने उलट फिरू पाहते, म्हणून पाय दाबायचा. पाय दाबला की यंत्र बाजूला सरकते, म्हणून उजवा हात हलवायचा. वैद्यकीची पदवी येथे कामाला येत नाही. सर्वांप्रमाणे पहिल्या धड्यापासूनच सुरुवात करावी लागते.

एका माणसाचे वजन

डॉ. आंद्रे इंडोचायनात जे हेलिकॉप्टर चालवत, ते हिलर कंपनीचे लहानसे यंत्र होते. पूर्ण भरल्यावर त्याचे वजन सुमारे १,१०० किलोग्रॅम होई. आत जखमीला निजवायला जागाच नव्हती. म्हणून बाहेरच्या अंगाला, दोन्ही बाजूंना एकेक स्ट्रेचर बांधलेले असे.

आता उन्हाळ्यातील दुपारचा एक हिशेब करू. हवा तापली की विरळ होते. दाब तोच असेल, तर हवेची घनता केवल तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. १५ अंश सेल्सियस म्हणजे २८८ केल्व्हिन आणि ३५ अंश म्हणजे ३०८ केल्व्हिन. २८८ ला ३०८ ने भागले तर सुमारे ०.९३५ येतात. म्हणजे हवा साडेसहा टक्क्यांनी विरळ झाली. पात्यांचा वेग आणि कोन तोच ठेवला, तर वर उचलणारे बलही तेवढेच कमी होते. १,१०० किलोग्रॅमचे साडेसहा टक्के म्हणजे सुमारे ७० किलोग्रॅम. हे एका माणसाचे वजन झाले!

शिवाय विरळ हवेत एंजिनालाही प्राणवायू कमी मिळतो व त्याची शक्ती घटते. म्हणजे पहाटे दोन जखमींना नेऊ शकणारे यंत्र दुपारी कदाचित एकालाच नेऊ शकेल. हा हिशेब कागदावर सोपा आहे, पण समोर दोन स्ट्रेचर पडलेली असताना तो फार कठोर होतो. डॉ. आंद्रे अंगकाठीने लहानखुऱ्या होत्या. अशा यंत्रात वैमानिकाचे हलके वजनही उपयोगीच पडते.

मग डॉक्टर असण्याचा उपयोग काय?

हेलिकॉप्टर हवेत असताना डॉ. आंद्रे बाहेरच्या स्ट्रेचरवरील जखमीची नाडीसुद्धा पाहू शकत नसत. दोन्ही हात व पाय गुंतलेले! मग वैमानिक डॉक्टर असून फायदा काय?

फायदा जमिनीवर होता. ११ डिसेंबर १९५१ ची घटना पाहा. उत्तर व्हिएतनाममध्ये काळ्या नदीच्या काठी तू वू या ठिकाणी अनेक जण जखमी होऊन पडले होते. उपलब्ध असलेले एकमेव हेलिकॉप्टर होते दूर दक्षिणेला, सायगावला. ते सुटे करून मालवाहू विमानाने हॅनोईला नेले आणि तेथे पुन्हा जोडले. डॉ. आंद्रे दाट धुके आणि गोळीबार यांतून तू वू येथे उतरल्या. प्रथम त्यांनी सगळ्या जखमींना तपासून त्यांची वर्गवारी केली. ज्यांना क्षणभरही थांबणे शक्य नव्हते, त्यांच्यावर तेथेच शस्त्रक्रिया केल्या. मग तातडीच्या जखमींना दोन-दोन करून हॅनोईला पोचवले.

पहिल्या फेरीत कोणते दोघे न्यायचे? जो सर्वांत मोठ्याने ओरडतो तो सर्वांत गंभीर असतोच असे नाही. डोक्याला मार लागलेला माणूस शांत पडून असतो आणि तोच हातचा जाण्याची भीती असते. ही निवड करायला डॉक्टरची नजर लागते. छातीत हवा अडकलेल्या रोग्याला उंचावरून नेणे धोक्याचे, हेही डॉक्टरच जाणतो. बॉइलचा नियम तुम्ही शिकला आहात. दीड किलोमीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे एक षष्ठांशाने कमी होतो आणि छातीत अडकलेली हवा सुमारे एक पंचमांशाने फुगते. अशा वेळी खालून उडणेच बरे.

इंडोचायनात डॉ. आंद्रे यांनी हेलिकॉप्टरच्या १२९ मोहिमा करून १६५ जखमींना आणले. भागाकार करून पाहा. एका मोहिमेला सरासरी सव्वाहून किंचित अधिक माणूस येतो. धोका केवढा आणि हाती लागते एक-दोन माणसे! पण त्या एकाच्या दृष्टीने तो हिशेब पूर्ण असतो.

पुढे अल्जीरियातील युद्धातही त्यांनी मोठ्या व अधिक शक्तिशाली हेलिकॉप्टरांतून हेच काम केले. मात्र वैद्यकी त्यांनी सोडली नाही. १९७६ मध्ये त्या फ्रान्सच्या सैन्यदलांतील पहिल्या महिला जनरल झाल्या, त्या वैद्यकीय सेवेतूनच. २१ जानेवारी २०२५ रोजी वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की त्यांनी साधन बदलले, काम बदलले नाही. जखमी माणूस जगावा हेच त्यांचे काम होते. त्या कामात अडथळा कोठे येतो हे त्यांनी शोधले, आणि तो दूर करण्यासाठी लागणारी विद्या अगदी पहिल्यापासून शिकण्याची त्यांची तयारी होती.

अल्जीरियात डॉ. आंद्रे यांनी चालवलेल्या हेलिकॉप्टरांत 'अलुएत-२' हे होते. त्याच घराण्यातील 'चीता' हेलिकॉप्टर भारतात तयार झाले. सियाचीन हिमनदीवरून आजारी व जखमी जवानांना चीतांनी अनेक वर्षे खाली आणले आहे. तेथे थंडी असली तरी उंचीमुळे हवा फार विरळ असते. ६,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरते. आपल्या सेनादलाच्या हेलिकॉप्टर वैमानिकांना शिकवणारी संस्था महाराष्ट्रातच, नाशिकला आहे.

करून पाहा

(१) एक फूटपट्टी पेन्सिलीवर मधोमध तोलून धरा. दोन्ही टोकांना एकेक नाणे ठेवा. आता एक नाणे काढा. पट्टी पुन्हा तोलण्यासाठी उरलेले नाणे कोठे सरकवावे लागते? एकाच बाजूला जखमी असेल, तर वैमानिकापुढे कोणती अडचण येईल ते यावरून सांगा.

(२) मे महिन्यात नाशिकला तापमान ४० अंश सेल्सियस आहे. दाब तोच धरून, १५ अंशांच्या मानाने हवा किती टक्के विरळ झाली? १,१०० किलोग्रॅमच्या हेलिकॉप्टरला त्यामुळे किती किलोग्रॅम ओझे कमी न्यावे लागेल? उत्तर काढून आपल्या शिक्षकांना दाखवा.