पाच नंबर

पहाटे ४.१५

गजराच्या आधी पावसानं उठवलं. उठल्याबरोबर पहिलं काम म्हणजे मोबाइलवर सांगलीच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी बघणं. तिथं ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोक्याची. आजचा आकडा बराच खाली आहे, म्हणजे तिथली फुटबॉलची मॅच होणार. साताऱ्यातल्या क्रीडाशिक्षकाला जुलैत हे बघावंच लागतं, कारण पाऊस पडतो आमच्या डोंगरात आणि पाणी चढतं त्यांच्या घाटावर. कोयनेचे दरवाजे उचलले की सांगलीकर पुलावर जाऊन उभे राहतात. पलीकडून येणाऱ्यावर नजर ठेवून उभं राहणं, हाच तर स्टॉपरचा, म्हणजे मधल्या बचावपटूचा, धंदा.

डावा गुडघा दोनदा वाकवून बघितला. कट्‌ झालं. नी-कॅप चढवली.

५.००

सातारा स्टँड. सोळा पोरं, दोन बॉल, जर्सीची बॅग, गोलीचे हातमोजे आणि सगळ्यात जड सामान म्हणजे फाइल: जन्मदाखले, आधार, बोनाफाइड, फोटो. सुब्रतो फुटबॉल करंडकाची विभागीय फेरी आहे, १५ वर्षांखालील मुलांची. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची ही स्पर्धा १९६० पासून चालू आहे. कोल्हापूर विभागात आम्ही, सांगली, खुद्द कोल्हापूर आणि खालचं कोकण. फुटबॉलवेडं कोल्हापूर आमच्याच विभागात आहे, यातच आमचं नशीब आलं.

पाच नंबर, म्हणजे आमचा स्टॉपर, शेवटी आला, आईच्या स्कूटीवरून. तिनं लांबूनच सांगितलं, "सर, ह्याला आज पुढं खेळवा बरं का, घरी रोज तेच ऐकतोय."

"बघू ताई," म्हणालो. बघू म्हणजे नाही, हे त्या माउलीलाही कळलं.

५.४०

लालपरी हायवेला लागली. अजिंक्यतारा ढगात. पाच नंबर मुद्दाम माझ्याच शेजारी बसला.

"सर, मला फॉरवर्ड टाका की."

"का?"

"मागं काही होतच नाही."

बरोबर बोलला. मागं काही होत नाही, हेच तर मागच्याचं काम. पण चौदाव्या वर्षी हे कुणाला पटलंय? मला बावीस-तेविसाव्या वर्षीही पटलं नव्हतं. तेव्हा मी दर रविवारी साताऱ्याहून कोल्हापूरला खेळायला जायचो, एका पेठेच्या संघाकडून. बाहेरचा खेळाडू, पैशांच्या पाकिटावरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा नावांची मॅच असली की स्टँडमध्ये हलगी कडाडायची आणि रेफ्रीची शिट्टी तिसऱ्या माणसापर्यंत पोचायची नाही. तीन हंगाम स्टॉपर खेळलो. शेवटच्या हंगामाची दोन पाकिटं अजून यायची आहेत. आता मागतही नाही. सोमवारच्या पेपरात गोल करणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीत असायचं. बचावफळीचं शेवटच्या ओळीत, तेही जागा उरली तर: 'अमुक, तमुक यांनी चांगला प्रतिकार केला.' त्या 'तमुक'मध्ये आम्ही.

६.५०

कराड. गाडी दहा मिनिटं थांबते, चहा होतो. प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते तेच हे गाव. इथून पुढं आम्ही आणि पाणी दोघंही सांगलीला जाणार, फक्त पाणी सावकाश.

मग त्याला राहुल भेके सांगितला. मुंबईचा पोरगा, जन्म १९९० चा. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी, बेंगळूरु, मग मुंबई सिटी आणि २०२४ मध्ये परत बेंगळूरु. कधी उजवा बॅक, कधी मधला स्टॉपर, संघाला जिथं भोक पडेल तिथं हा. मागं खेळणाऱ्याची कारकीर्द अशीच असते. एका क्लबात पुतळा होत नाही, पण कुठंही गेला तरी अकरात नाव असतं.

"१७ मार्च २०१९," मी म्हणालो. "अंधेरीचं मैदान, आयएसएलची फायनल, बेंगळूरु विरुद्ध गोवा. ११६ मिनिटं शून्य-शून्य. ११७ व्या मिनिटाला कॉर्नर आला, भेकेनं हेड मारला, गोल. बेंगळूरु पहिल्यांदा चॅम्पियन."

पाच नंबरच्या डोळ्यात दिवे लागले. मी पुढं रेटलं: एप्रिल २०२२, रियाध. मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध एक गोल खाऊन मागं पडली होती. बरोबरी झाली आणि पुढचा गोल भेकेचा, पुन्हा हेड. २-१. त्या स्पर्धेत भारतीय क्लबचा तो पहिला विजय. २०२४ च्या मेमध्ये कोलकात्यात, मोहन बागानच्या घरात आयएसएलची फायनल ३-१ जिंकली तेव्हा मुंबई सिटीचा कॅप्टन हाच.

"म्हणजे सर," पोरगं शांतपणे म्हणालं, "त्याला पण गोल मारल्यावरच ओळखलं ना?"

मागच्या सीटवरचे चौघं हसले. मी कपातला उरलेला चहा संपवला.

७.३०

उत्तर सुचायला कासेगाव यावं लागलं. हे कबड्डीचं गाव. इथला काशिलिंग आडके २०१४ ला, प्रो कबड्डीच्या पहिल्याच हंगामात, दबंग दिल्लीकडून चढाया करून घराघरात पोचला. आपल्याकडं कबड्डीतसुद्धा चढाईवाल्याचं पोस्टर लागतं. पण पोरांना पकड मात्र कळते, कारण सगळी कधी ना कधी मातीत खेळलेली.

"चढाईवाला आत आला की कव्हरवाला काय करतो?"

"थांबतो."

"कुठं बघतो?"

"पायाकडं. डोळ्यात बघितलं की फसतो."

"अंगावर जातो का?"

"नाही, कोपऱ्याकडं ढकलत नेतो. एकटा गेला तर मरतो."

"तेच कर आज. गवतावर."

आणि २०१९ च्या त्या फायनलचं जे सांगायचं राहिलं होतं तेही सांगितलं. गोव्याकडं कोरो होता, त्या मोसमात १६ गोल मारून सगळ्यांच्या पुढं. त्या दिवशी १२० मिनिटांत त्याला एकही गोल मिळाला नाही. भेकेचा हेड यूट्यूबवर सापडतो. कोरोचे न झालेले गोल कुठं सापडणार?

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. पेठ नाक्याला गाडी हायवे सोडून वळली. पुढं आष्ट्यापर्यंत ऊस, ऊस आणि ऊस.

९.१५

सांगलीचं मैदान. सातारी पोरांना इथली काळी माती माहीत नसते. आमच्याकडं मुरूम, पडलं की गुडघा सोलतो, पण पाणी थांबत नाही. इथं दहा पावलं टाकली की बुटाला अर्धा किलो चिकटतं आणि स्टड नावाचा प्रकार राहत नाही. मी प्रत्येकाला मोज्यात एक-एक आइस्क्रीमची काडी खोचायला दिली, माती खरवडायला. हे कुठल्याही कोचिंगच्या कोर्सात शिकवत नाहीत.

फाइल तपासून झाली. एकाच्या आधारवर आडनावात एक वेलांटी जास्त, बाकी सुखरूप. ड्रॉ निघाला: कोल्हापूर.

१०.४५

पहिला हाफ. पाच नंबर मागं, आणि मागं काहीही झालं नाही. म्हणजे काय काय झालं ते सांगतो.

कोल्हापूरचा नऊ नंबर अंगानं दीडपट. पहिल्या तीन वेळा तो पाठ करून बॉल घ्यायला आला. आमचा पोरगा अंगावर गेला नाही, हातभर अंतर ठेवून उभा राहिला, आणि नऊ नंबरला बॉल मागंच द्यावा लागला. चौथ्यांदा तो बॉल घ्यायला आलाच नाही, बाजूला सरकला. पंचाला वाटलं खेळ मंदावलाय. मला वाटलं पोरगं कामाला लागलं. "लाइन, लाइन!" म्हणून त्यानं चौघांना दोनदा वर ओढलं, दोन्ही वेळा ऑफसाइडचं निशाण. एकदा गोलीला "माझा!" म्हणून हाक मारून हेड काढला. सगळं मिळून बॉल त्याच्या पायाला सात-आठ वेळा लागला असेल. उरलेला वेळ मान फिरवणं, दोन पावलं डावीकडं, एक मागं, शेजारच्याला हात करून बोलावणं. स्टँडमधल्या एका पालकानं विचारलं, "तो मधला पोरगा नुसता उभाच दिसतोय?"

हाफटाइम, शून्य-शून्य. कोल्हापूरचे शिक्षक माझ्याकडं बघून हसले. त्या हसण्यात जरा घाई होती.

११.३०

पाऊस वाढला. डी-समोर थाळीएवढं डबकं झालं. साधा, एकट्याचा बॉल पाच नंबरकडं आला. त्यानं वळून गोलीला बॅकपास दिला. चांगल्या मैदानावर हजारदा देईल तसाच, योग्य वजनाचा. बॉल डबक्यात गेला आणि थांबला. नऊ नंबर तिथंच घोटाळत होता.

०-१. मॅच तिथंच संपली; शिट्टी नंतर वाजली.

दुपारी १.००

वडापाव. कुणी बोलेना.

४.३०

परत कराड. पोरं झोपलेली, पाच नंबर जागा.

"सर, तुमचा कधी अडकलेला का असा?"

"अडकला नाही, गेला. शाहू स्टेडियमला. कॉर्नर काढायला उडी मारली, कानामागं लागून आपल्याच जाळीत. तीन हंगामांत पेपरच्या पहिल्या ओळीत माझं नाव एकदाच आलं, कंसात 'स्वयंगोल' लिहून."

तो पहिल्यांदा हसला. "मग?"

"मग काय, पुढच्या रविवारी गाडी पकडून गेलो. हलगीवाल्यानं मला बघून मुद्दाम दोन टिपऱ्या जास्त मारल्या."

उंब्रजपर्यंत तो गप्प. मग म्हणाला, "डबक्यात असला तर चिप करायला पाहिजे होता ना?"

"किंवा सरळ बाहेर उडवायचा. थ्रो गेला तर जाऊ दे."

फॉरवर्डचा विषय त्यानं काढला नाही. मीही काढला नाही.

रात्री ९.३०

सोळा जर्सी घरच्या बाथरूममध्ये. बायको म्हणते, शाळेत धुवत जा. पाच नंबरची सगळ्यात काळी, पाठीकडून जास्त. कारण दुसऱ्या हाफात, गोल खाल्ल्यावर, पोरगं नऊ नंबरसमोर चार वेळा घसरलं आणि चारही वेळा बॉल काढला. ते मी त्याला सांगायचं विसरलो. उद्या सहाला ग्राउंडवर सांगतो.

तिसऱ्या बादलीला पाणी जरा निवळलं. सांगलीची काळी माती मोरीतून गटारात, गटारातून ओढ्यात, तिथून वेण्णेला, संगम माहुलीला कृष्णेत. हा पाऊस असाच राहिला तर थोड्याच दिवसांत आयर्विन पुलाखाली परत.

गुडघ्याला बर्फ लावला आणि पडलो. मोबाइलवर कोयनेची आवक बघायची राहिली.