जटपुरा गेटच्या आत

ताडोबाला निघालेला पर्यटक चंद्रपूरच्या स्टेशनावर उतरतो, गाडीत बॅगा टाकतो आणि थेट मोहर्लीचा रस्ता धरतो. दोन सफारी, एक रिसॉर्ट, नशीब असलं तर वाघाचा फोटो आणि परत. शहराबद्दल विचारलं तर ठरलेली उत्तरं मिळतात: ऊन फार, धूळ फार, जिकडेतिकडे कोळसा आणि बघण्यासारखं काही नाही. यातल्या पहिल्या तिन्हींशी वाद नाही. चौथं मात्र साफ चुकीचं आहे.

“किल्ला कुठाय?”

सह्याद्रीतले किल्ले पाहिलेला माणूस इथे आला की डोंगर शोधतो. चंद्रपूरला चढायचं काहीच नाही, कारण अख्खं जुनं शहरच किल्ल्याच्या पोटात आहे. इरई आणि झरपट या नद्यांच्या बेचक्यात गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने हे गाव वसवलं, कोटाचं काम काढलं आणि पुढच्या पिढ्यांनी ते पुरं केलं. तटाचा घेर अकरा-बारा किलोमीटरचा. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आणि अधूनमधून चोर खिडकी, विठोबा खिडकी, मसण खिडकी अशा लहान वाटा. यातला जटपुरा गेट तर रोजच्या वाहतुकीतला. रिक्षा, स्कूटर, भाजीचे हातगाडे त्याच्या कमानीखालून असे वाहत असतात की वर मान करून बघायची कुणाला सवडच नाही. तुम्ही बघा. हत्तीवर झेपावून त्याला पंजात धरलेला सिंह दगडात कोरलेला दिसेल. ते गोंड राजांचं चिन्ह.

तटाची जागा कशी ठरली याची एक गोष्ट गावात सांगतात. शिकारीला गेलेल्या राजाला उलटाच प्रकार दिसला: एक ससा कुत्र्याच्या मागे लागला होता. राणीच्या सल्ल्यावरून तो ससा जिथून जिथून धावला तिथून तट बांधला. गोष्ट झकास आहे, पण तिला इतिहास समजू नये. विजयनगर आणि अहमदाबादच्या स्थापनेबद्दलही अशाच सशाची गोष्ट सांगितली जाते.

एवढा मोठा कोट पाहून तो मोगलांनी नाहीतर भोसल्यांनी बांधला असणार, असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. गोंड म्हणजे जंगलात राहणारे, त्यांना कसले किल्ले आणि कसल्या राजधान्या, हा समज त्यामागे असतो. नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात चांदा (आजचं चंद्रपूर) आलं १७५१ साली, म्हणजे कोट, दरवाजे, देवळं सगळं उभं राहिल्यानंतर. त्याआधीची काही शतकं इथे गोंडांचं राज्य होतं. या समजाचं उत्तर अंचलेश्वर गेटजवळ मिळतं. तिथे गोंड राजांच्या समाध्या आहेत आणि त्यांत सगळ्यांत देखणी बीरशहाची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बीरशहाचा खून झाला. त्याच्यामागे राणी हिराईने दत्तक मुलाच्या नावाने कारभार हाती घेतला, नवऱ्याची समाधी बांधली आणि महाकालीचं देऊळही नव्याने उभं केलं. शहरातल्या दोन मोठ्या वास्तू एका गोंड राणीच्या नावावर आहेत आणि शाळेच्या पुस्तकात तिला जेमतेम एक ओळ मिळत असेल, याचं मला नेहमी नवल वाटतं.

तट पडका आहे, वर जाता येत नाही, असंही तुम्हाला ऐकवलं जाईल. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते बरोबर होतं. २०१७ पासून इको-प्रो या इथल्याच संस्थेच्या पोरांनी महिनोन्महिने श्रमदान करून तटावरची झाडंझुडपं आणि कचरा काढला. आता तटाच्या काही भागांवरून चालता येतं. सकाळी लवकर जा. एका बाजूला नदीकाठची हिरवळ आणि दुसऱ्या बाजूला घरांची परसं, असं शहर दुसरीकडून कुठून दिसत नाही.

“तो आडवा रावण”

लालपेठ भागात उघड्यावर काही प्रचंड शिल्पं पडलेली आहेत. पडलेली म्हणजे अक्षरशः जमिनीवर उताणी. एकेका सलग दगडातून घडवलेली, आणि त्यातली सर्वांत मोठी लांबीला पंचवीस फुटांच्या घरात. दहा तोंडं पाहिली की बघणारा चटकन “रावण!” म्हणतो. ती दशमुखी दुर्गा आहे. आसपास नंदी आहे, गणपती आहे, मारुती आहे, मासा आणि कासवही आहेत. मूर्ती कुणी आडव्या पाडल्या, असाही एक तर्क ऐकू येतो. पण त्या कधी उभ्याच नव्हत्या. रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्याला अवाढव्य शिवालय बांधायचं होतं, त्यासाठी या मूर्ती घडवल्या आणि देऊळ होण्याआधीच तो गेला, असं सांगतात. म्हणून या जागेला अपूर्ण देवालय म्हणतात. एरवी मूर्तीपुढे आपण मान वर करून उभे राहतो. इथे देवीच्या पायापासून डोक्यापर्यंत कडेकडेने चालत जावं लागतं. ताडोबात वाघ दिसेल की नाही याची खात्री कुणी देत नाही. ही दुर्गा चारशे-पाचशे वर्षं जागची हललेली नाही आणि तरीही तिच्याकडे येणारे मोजकेच.

“दीक्षाभूमी नागपूरला”

नागपूरला आहेच. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा दिल्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपुरातही मोठ्या जनसमुदायाला दीक्षा दिली. ती जागा आजही दीक्षाभूमी म्हणूनच ओळखली जाते आणि दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला तिथे लोटणारी गर्दी पाहण्यासारखी असते. त्या दिवसांत शहरात लॉजची खोली मात्र आधीच धरून ठेवा. चैत्रात महाकालीच्या यात्रेलाही तेच. नांदेडकडून आणि तेलंगणातून येणारे भाविक झरपटीच्या काठी मुक्काम ठोकतात, आणि देवळाचा परिसर आठवडेच्या आठवडे फुललेला असतो.

आणखी एक तारीख चंद्रपूरकरांच्या तोंडी असते: २१ ऑक्टोबर १८५८. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदाराला त्या दिवशी इथल्या तुरुंगात फाशी दिली. १८५७ म्हटलं की झाशी-कानपूर आठवणाऱ्यांनी चांद्याचं हे पान जरूर वाचावं.

“उन्हाळ्यात चुकूनही जाऊ नये”

शहर बघायचं तर खरंच जाऊ नये. मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांपर्यंत जातो आणि दुपारी बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सगळा दोष औष्णिक वीज केंद्रावर टाकायची पद्धत आहे, पण समुद्रापासून इतक्या आत असलेला हा मुलूख वीज केंद्राच्या कितीतरी आधीपासून तापतोच आहे. जंगलाचं गणित उलटं. एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर जनावरं येतात आणि वाघ दिसण्याची शक्यता वाढते. दोन्ही हवं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. फक्त पहाटेच्या उघड्या जिप्सीत विदर्भाची थंडी काय असते ते कळेल, स्वेटर घ्याच.

प्रदूषणाबद्दलचं बोलणं मात्र गैरसमज नव्हे. २९२० मेगावॉटचं वीज केंद्र, खाणी आणि कारखाने यांचा जाच शहराला आहे, आणि २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूरला बरंच वर बसवलं होतं. दम्याचा त्रास असलेल्यांनी तयारीनेच यावं. गंमत म्हणजे, गंमत तरी कशी म्हणावी, याच वीज केंद्राच्या आणि खाणींच्या परिसरातल्या झुडपांत वाघ, बिबटे, अस्वलं वावरतात. दुर्गापूर, ऊर्जानगर भागातल्या माणसांनी त्याची किंमत जिवानिशी मोजली आहे. त्यामुळे वाघ म्हणजे पैसे भरून बघायची गोष्ट, ही समजूत चंद्रपूरकराची नक्कीच नसते. “शहराजवळच दिसेल का हो?” असं हौसेने विचारण्याआधी एवढं ध्यानात असू द्या.

“ताडोबाचं बुकिंग झालं, आता कुठेही राहू”

इथे सर्वाधिक लोक फसतात. ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ साली. पुढे अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प झाला, आणि नुसता गाभाच सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्याला वेगवेगळ्या दिशांनी दरवाजे आहेत. मोहर्ली चंद्रपूरहून तासाभराच्या आत. कोलारा आणि नवेगाव चिमूरच्या बाजूला. कोलाऱ्याची सकाळची सफारी घेऊन चंद्रपुरात खोली घेतली, तर मध्यरात्रीच निघावं लागेल. शहरात राहायचं असेल तर मोहर्ली नाहीतर जुनोना, आगरझरी यांसारखे गाभ्याभोवतालच्या बफरमधले दरवाजे बघा. बफर म्हणजे उरलंसुरलं जंगल, असं समजून नाक मुरडू नका; वाघाला ती सीमारेषा ठाऊक नसते. जुनोन्याला तर जुना तलाव आणि गोंडकालीन बांधकामाचे अवशेषही आहेत.

पावसाळ्यात सगळं बंद, हेही अर्धंच खरं. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा बंद असतो. बफरमधले काही दरवाजे चालू राहतात. मोबाईल गाभ्यात नेता येत नाही, आणि बुकिंगला दिलेलं मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावंच लागतं.

आलोच आहोत तर आनंदवन आणि हेमलकसा एका दिवसात करू, असा बेत आखणारेही भेटतात. बाबा आमट्यांचं आनंदवन वरोऱ्याला, नागपूरच्या वाटेवर. ते सहज होतं. हेमलकसा भामरागडकडे, थेट उलट्या दिशेला, गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाशी. गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यातच होतं, म्हणून हा घोळ होतो, आणि तिकडच्या नक्षलवादाच्या बातम्याही याच घोळातून चंद्रपूर शहराच्या माथी मारल्या जातात. हेमलकशासाठी वेगळे दोन दिवस काढा. त्याऐवजी एकच दिवस हाताशी असेल तर भद्रावती गाठा: विजासन टेकडीतली बौद्ध लेणी, जैन मंदिर आणि भद्रनागाचं देऊळ अर्ध्या दिवसात होतं, आणि संध्याकाळी गोल बाजारात परतून गरम सांभारवडी खाता येते.

मंगळवारी ताडोबाचा गाभा बंद असतो. सफारी सोमवारी आणि बुधवारी घ्या, मधला दिवस शहराला द्या: सकाळी तट, मग समाध्या आणि महाकाली, ऊन उतरल्यावर लालपेठ.