समुद्र फुकट, पैसे कशाचे?

रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची जुनी पद्धत आहे. परभणीकराचा समुद्राशी रोजचा संबंध म्हणायचा तर एवढाच. जिल्ह्यातलं पाणीसुद्धा उलट दिशेचं. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला आणि गोदावरी सगळं घेऊन जाते पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे. माणसं मात्र सुट्टी लागली की पश्चिमेची वाट धरतात. देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबई गाठून पुढे कोकण रेल्वे, नाहीतर गाडी काढून सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबोलीचा घाट. गोव्यापर्यंत साडेसहाशे-सातशे किलोमीटरचा हा रस्ता. आजी पुढच्या सीटवर, मागे दोन जावा, मधे मुलं, आणि पायाशी धपाट्यांचा डबा.

पूर्वी पश्चिमेचा प्रवास गणपतीपुळ्यालाच संपायचा. देवदर्शन आणि समुद्र एकाच खर्चात, वर पर्यटन महामंडळाचं निवास. आता कापसाचे, सोयाबीनचे पैसे बरे आले, किंवा घरातला एखादा मुलगा पुण्यात आयटीत लागला, की तो आग्रह धरतो: या वर्षी गोव्यात, मोठ्या रिसॉर्टमध्ये. आणि घरातलं वडीलधारं माणूस हमखास विचारतं, ‘अरे, समुद्र तर फुकट आहे. मग एवढे पैसे कशाचे?’

प्रश्न अडाणी नाही. तो नीट विचारायचा असेल, तर गोव्यातल्या जुन्या आणि नामांकित रिसॉर्टच्या दारात जाऊन विचारावा. सिकेरीचं ताज फोर्ट आग्वाद.

मांडवी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या उत्तरेकडच्या टेकडीवर पोर्तुगीजांनी 1612 साली आग्वादचा किल्ला पुरा केला. डच आणि मराठे, दोघांची धास्ती होती. किल्ल्याचं दुसरं काम पाण्याचं होतं. टेकडीवर झरे होते, ते पाणी साठवायला आत प्रचंड टाकं बांधलं. त्यात सुमारे 24 लाख गॅलन पाणी मावायचं, असं सांगतात. लांबच्या प्रवासाची जहाजं इथे थांबून गोडं पाणी भरून घेत. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेला आपल्याकडचा माणूस बुरुजांपेक्षा या टाक्यापुढे जास्त वेळ उभा राहतो, हे मी पाहिलं आहे. 1739 मध्ये बारदेशातला जवळजवळ सगळा मुलूख मराठ्यांकडे गेला, तेव्हाही आग्वाद आणि रेइश मागूश हे दोन किल्ले पडले नाहीत. आता मराठी माणूस बुकिंगची पावती दाखवून आत जातो.

पुढे किल्ल्याच्या खालच्या भागात तुरुंग झाला. डॉ. राममनोहर लोहियांना 1946 साली कुळे स्थानकावर पकडलं, ते इथेच आणून ठेवलं. नंतर गोवा मुक्तीचे किती तरी सत्याग्रही या भिंतींआड राहिले. मराठवाड्याच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपण 17 सप्टेंबर 1948 ला सुटलो, गोवा 19 डिसेंबर 1961 ला. दोन्हीकडे 15 ऑगस्टनंतरही वाट पाहावी लागली आणि शेवटी लष्कर पाठवावं लागलं. तुरुंग 2015 मध्ये कोलवाळला हलवला, आणि 2021 च्या डिसेंबरात तिथे संग्रहालय उघडलं. रिसॉर्टमध्ये उतरलेल्यांपैकी फार थोडे तिकडे जातात. जावं. मुलांना तर न्यावंच.

रिसॉर्ट सुरू झालं 1974 साली. गोवा मुक्त होऊन तेरा वर्षं झाली होती. मांडवीवरचा पहिला पूल जेमतेम चार वर्षांपूर्वी झालेला. त्याआधी पणजीहून इकडे यायचं तर होडी किंवा फेरीबोट. किनाऱ्यावर परदेशी हिप्पी झोपड्या भाड्याने घेऊन राहत. असा तो काळ. 1903 मध्ये मुंबईत ताजमहाल हॉटेल उभारणाऱ्या टाटांच्या कंपनीने अशा जागी, किल्ल्याच्या तटाला लागून, समुद्राकडे तोंड करून हॉटेल बांधायचं ठरवलं. शहरातलं हॉटेल माणूस कामासाठी घेतो. इथे काम काहीच नव्हतं. काही न करण्यासाठी माणूस पैसे देईल, यावर हा सगळा डाव होता.

जगाच्या नजरेत हे ठिकाण आलं 1983 च्या नोव्हेंबरात. दिल्लीत राष्ट्रकुल परिषद भरली आणि मधले दिवस राष्ट्रप्रमुखांना विश्रांतीसाठी गोव्यात आणलं. यजमान इंदिरा गांधी, पाहुण्यांत मार्गारेट थॅचर. त्यांच्यासाठी आग्वादच्या टेकडीवर खास बंगले बांधले. त्याच इंदिराबाईंनी दोन वर्षं आधी, 1981 च्या नोव्हेंबरात, किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं की भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवा, बांधकामं होऊ देऊ नका. ते पत्र पुढे 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेचं बीज ठरलं. ही अधिसूचना तेव्हापासून इतक्या वेळा दुरुस्त झाली, की 2019 च्या अवतारात दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा पन्नास मीटरवर आला. पाचशेचे पन्नास. एक शून्य गळायला अडतीस वर्षं लागली.

म्हणजे समुद्र फुकट आहे हे घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं कायद्यालाही मान्य आहे. वाळू कोणाच्या मालकीची होत नाही. तिथे पोचायची वाट मात्र होऊ शकते. पणजीजवळ दोना पावलाला वायंगिणीचा छोटासा किनारा आहे. तिथे चार्ल्स कोरियांनी आखलेलं सिदाद दी गोवा हे रिसॉर्ट उभं राहिलं. एखाद्या छोट्या गावासारखी त्याची रचना, भिंतींवर रंगवलेल्या कमानी आणि खिडक्या, खरं कुठलं आणि चितारलेलं कुठलं असा खेळ. वास्तू म्हणून मला ती आग्वादपेक्षा सरस वाटते. पण लोकांना समुद्रावर जायची वाट मोकळी ठेवायची, या अटीवर सरकारने जमीन मिळवून दिली होती, आणि पुढे त्या वाटेवरच बांधकाम आलं. आसपासच्या लोकांनी खटला लढवला. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने लोकांच्या बाजूने निकाल दिला आणि 2009 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला: वाट मोकळी करा, आड येणारं बांधकाम पाडा. वाचताना छाती फुगते. पण त्याच वर्षी गोवा सरकारने भूसंपादनाच्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून बांधकाम वाचवलं. बांध कोरून रस्ता अडवल्याचे वाद तहसीलमध्ये बापापासून मुलापर्यंत चालतात, ते पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

समुद्र विकता येत नाही. मग रिसॉर्ट विकतं काय?

सकाळी दहाच्या सुमारास अशा कुठल्याही मोठ्या रिसॉर्टच्या तरणतलावाशी जाऊन बसा. मुलं पाण्यात, उथळ भागात, वर शिट्टी घेतलेला जीवरक्षक. मधल्या वयाचे पुरुष मोबाईल बाजूला ठेवून पालथे पडलेले. आजी नारळाखाली खुर्चीत, पाय वर घेऊन. आणि घरच्या सुना, ज्यांना दिवाळीच्या सुट्टीतही सकाळी सहाला गॅस पेटवावा लागतो, त्या नाश्त्याच्या टेबलावरून अजून उठलेल्या नाहीत. तिसरा चहा चालू आहे. कोणी कोणाला हाक मारत नाही. तीन पिढ्यांच्या घरात प्रत्येकाची गरज वेगळी असते आणि एकाची सोय म्हणजे दुसऱ्याची खोटी. उघड्या किनाऱ्यावर गेलं तर कोणीतरी मुलांवर नजर ठेवायची, कोणीतरी चपला आणि पिशव्या राखायच्या, म्हातारीला बसायला जागा शोधायची, स्वच्छतागृह विचारत फिरायचं. हे ‘कोणीतरी’ कोण असतं, ते सांगायला नको. मोठं रिसॉर्ट हे सगळं आपल्या अंगावर घेतं. पैसे त्याचे.

आणि त्याचं यंत्र मोठं आहे. चादरींचे किमान तीन संच हा हॉटेलांचा नेहमीचा हिशोब: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. समुद्राचा खारा वारा बिजागऱ्या, एसीची जाळी, दिव्यांचे खांब खात असतो. दर पावसाळ्यानंतर रंगाचे डबे उघडावेच लागतात. तलावाचं पाणी दिवसभर गाळणीतून फिरत असतं, म्हणून पोहायला नायलॉनचाच पोशाख सक्तीचा. सुती कपड्याचे धागे गाळणीत अडकतात. आपल्याकडच्या बायकांची पंचाईत इथे होते. सलवारवर उतरू देत नाहीत, आणि दुसरं काही घालायची सवय नाही. मग काठावर बसून पाय बुडवायचे. हल्ली अंगभर नायलॉनचे पोशाख मिळतात. ते परभणीतून निघायच्या आधीच घ्यावेत, गोव्यातल्या दुकानात दुप्पट पडतात.

काउंटरवर पत्ता सांगितला की परभणी कुठे आली, हे समजावावं लागतं. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण तिथवर पोचलेली नाही. नांदेडजवळ म्हटलं की मान हलते, संभाजीनगरजवळ म्हटलं की समाधान होतं. जेवणात मात्र ओळख सांगायची सोय झाली आहे. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून मोठ्या हॉटेलांच्या बुफेत ज्वारी मानाने मांडलेली दिसते. परभणी मोती, परभणी शक्ती ही आपल्या कृषी विद्यापीठाची वाणं. पण चांदीच्या चिमट्याने उचलायची ती तळहाताएवढी भाकरी, जिला पापुद्राच सुटलेला नाही, ती पाहून आजी ‘बाई, ही करपली तरी बरी’ म्हणाल्या, तर त्यांना दोष देता येत नाही. मासे, कोकमाची कढी, उकड्या तांदळाची पेज हे मागून घ्यावं. ते इथल्या आचाऱ्यांच्या हातचं असतं. पनीर कुठेही मिळतं.

सगळंच गोड नाही. साडेसात हजारांच्या वर खोली गेली की 18 टक्के जीएसटी वेगळा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातले दर ऐकून बागायतदारही गप्प होतो. पावसाळ्यात दर उतरतात, पण जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायला बंदी असते आणि किनाऱ्यावरचे शॅकही उचललेले असतात. शिवाय पैसे देऊन देखावा विकत मिळतो, हीही समजूतच. 2000 च्या जूनमध्ये रिव्हर प्रिन्सेस नावाचं खनिजवाहू जहाज वादळात कांदोळी-सिकेरीच्या वाळूत रुतलं. ते काढायचं कोणी, कसं, कोणाच्या खर्चाने, यात दहा वर्षांहून जास्त काळ गेला. तेवढी वर्षं देशातल्या महागड्या खोल्यांच्या खिडकीतून गंजलेलं लोखंड दिसत राहिलं, आणि आसपासची वाळू वाहून जात राहिली.

माझी तक्रार वेगळी आहे. रिसॉर्ट इतकं सोयीचं असतं की माणूस बाहेरच पडत नाही. तीन दिवस गोव्यात राहून कांदोळीचा बाजार, पणजीतलं फोंताइन्हाश, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार न पाहता परतलेली कुटुंबं मला माहीत आहेत. गावालाही याचं दुःख असतंच. आतल्या पाहुण्याने आतच खाल्लं, आतच खरेदी केली, तर बाहेरच्या टपरीवाल्याच्या वाट्याला फक्त गाड्यांची धूळ. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तिथल्या शिरोडा-वेळागरला अशाच मोठ्या हॉटेलासाठी जमीन घेण्यावरून गावकरी वर्षानुवर्षं अडून बसले. त्यांना अडाणी ठरवणं सोपं होतं. जमीन गेल्यावर आपण त्या आवारात पाहुणे म्हणून जाणार नाही, हे त्यांना कळत होतं. येलदरीच्या धरणात गावं गेलेल्या जिल्ह्याने त्यांना हसू नये.

तरीही जावं का? जावं, आणि आजी चालती-फिरती असेपर्यंतच जावं. पण सगळी सुट्टी तिथे घालवू नये. दोन रात्री पुरतात. दुपारी दोनला खोली मिळते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अकरा-बाराला सोडावी लागते, तेव्हा पहिल्या दिवशी लवकर पोचून सामान काउंटरवर ठेवायचं आणि थेट तलाव गाठायचा. आवार वापरायला सहसा कोणी अडवत नाही. लहान मुलांचं वेगळं भाडं कितव्या वर्षापासून, जादा गादीचे किती, शेजारच्या दोन खोल्यांना आतून दार आहे का, हे फोनवर आधी विचारून घ्यावं आणि लेखी मागावं. मग गाडी उत्तरेला वळवून मालवण किंवा तारकर्ली. तिथे कोणाच्या तरी घरात खोली घ्यायची. घरची बाई विचारेल, बांगडा करू की सुरमई. आणि आपल्या सुना, दोन दिवसांच्या आरामानंतर, सवयीने तिच्या स्वयंपाकघरात डोकावून वाटणाची कृती विचारू लागतील.