जुनी तोफ, नवा डोळा

ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांत माहुलीचा किल्ला आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें ८५० मीटर. पूर्वीच्या राज्यकर्त्यांनीं असे उंच डोंगर कां निवडले, हें सांगावयास नको. जो उंचावर बसतो, त्यास शत्रु लवकर दिसतो. तलवारी गेल्या, तरी हा नियम बदललेला नाहीं; आकाशाची राखण करणाऱ्या रडार यंत्रासहि तो तसाच लागू आहे.

रडार आकाशांत रेडिओलहरी सोडतें. विमानावर आपटून त्या परत येतात. जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून विमानाचें अंतर कळतें. परंतु या लहरी बहुतेक सरळ रेषेंत जातात; त्या डोंगर भेदीत नाहींत, आणि पृथ्वी गोल असल्यामुळें क्षितिजाखालीं असलेलें त्यांस सांपडत नाहीं. सपाटीवर दहा मीटर उंच खांबावर रडार बसविलें, तर शंभर मीटर उंचीवरून येणारें विमान फार तर ५५ किलोमीटरवर दिसूं लागेल. माहुलीएवढ्या उंचीवरून हेंच अंतर, मध्यें आडोसा नसेल तर, सुमारें १६० किलोमीटर होईल. तासाला ९०० किलोमीटर वेगाचें विमान ५५ किलोमीटर पावणेचार मिनिटांत कापतें. मुरबाडकडे तर पूर्वेस सह्याद्रीची भिंतच उभी आहे. तिच्या आडून आलेलें विमान दिसेल, तें डोक्यावर येतांना.

याच शहापूर तालुक्यांत तानसा व भातसा हे जलाशय आहेत. मुंबईच्या घरोघरीं नळास येणारें पुष्कळसें पाणी तेथलें. धरण, पूल किंवा वीजघर संकटकाळीं हलवितां येत नाहीं. अशा स्थळांचें रक्षण जागच्या जागींच करावें लागतें, आणि अगदीं जवळ आलेल्या शत्रूसाठीं शेवटचा आधार तोफेचा.

कसारा घाट चढून पुढें गेलें कीं देवळाली लागते. सैन्याच्या विमानविरोधी तोफखान्याचें शिक्षण पूर्वीं तेथील तोफखाना-शाळेंत होई. १९८९ सालीं तें ओडिशांतील गोपाळपूर येथें गेलें. १९९४ सालीं हें दल तोफखान्यापासून स्वतंत्र झालें. मोठ्या सैन्याचें हें लहानसें अंग. त्याच्या हातीं स्वीडनच्या बोफोर्स कंपनीच्या रचनेची एल-७० ही तोफ आहे. तिचें मूळ १९५० च्या सुमाराचें. तिच्या नळीचा व्यास ४० मिलिमीटर, आणि मारा चारएक किलोमीटरचा.

अशी तोफ मोडींत काढावी काय? नळी व गोळा यांत फारसें उणें नव्हतें. उणें होतें तें दृष्टींत आणि वळण्याच्या चपळाईंत. म्हणून भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीनें तिला विजेच्या मोटारी, दिवसाचा कॅमेरा, उष्णतेवरून रात्रीं पाहणारा कॅमेरा व लेसरनें अंतर मोजणारें यंत्र जोडलें. मे १९९९ च्या कारगिल युद्धांत शत्रु डोंगरमाथ्यावर होता. मे २०२५ मध्यें तो लहान ड्रोनांच्या रूपानें आकाशांतून आला, आणि ते पाडण्यास याच सुधारलेल्या तोफा कामीं आल्या.

तथापि कॅमेऱ्यासहि मर्यादा आहे. मुरबाड-शहापूरकडचा आषाढांतील पाऊस व धुकें ज्यानें पाहिलें असेल, त्यास ती सहज उमजेल. अशा वेळीं रडारवांचून गत्यंतर नाहीं. म्हणून जुलै २०२५ मध्यें सैन्यासाठीं तोफांस नेम पुरविणाऱ्या रडारांचा सुमारें २००० कोटी रुपयांचा करार त्याच कंपनीशीं झाला. तत्पूर्वीं, मार्च २०२३ मध्यें, ‘आकाशतीर’ योजनेचा १९८२ कोटींचा करार झाला होता. निरनिराळ्या रडारांस दिसलेलें एकत्र करून तें तोफेपर्यंत पोंचविणें, हें तिचें काम. एका डोंगराआड जें लपलें, तें दुसऱ्या डोंगरावरील रडारास दिसतें. तेव्हां बातमी वेळेवर पोंचली तर डोंगराचा आडोसा पुष्कळसा निष्फळ होतो.

सुधारणा म्हणजे केवळ नवी खरेदी नव्हे. पाहणारा, सांगणारा व मारणारा या तिघांत जो दुबळा असेल, त्यास आधीं बळकट करावें. बेताच्या पैशांत आकाश राखावयाचें, तर याहून शहाणा मार्ग नाहीं.