कोकणच्या समुद्रावर जाणाऱ्या वऱ्हाडी कुटुंबांस

यवतमाळ जिल्ह्यास साग आहे, कापूस आहे, डोंगर आहेत. दक्षिणेच्या सीमेवर पैनगंगा आणि पूर्वोत्तर सीमेवर वर्धा अशा दोन नद्याही आहेत. नाही तो एक समुद्र. येथून गुहागर किंवा गणपतीपुळे गाठावयाचे म्हणजे नऊशे किलोमीटरांच्या आसपास मजल मारावी लागते. त्यामुळे सागर, अब्धि, रत्नाकर हे शब्द आमच्या मुलांस पाठ्यपुस्तकातून पाठ होतात, पण भरती म्हणजे काय हे त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेले नसते. अलीकडे दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या भागातील पुष्कळ कुटुंबे कोकणात जाऊ लागली आहेत. कोणाचे कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर असतो, कोणाचा हरिहरेश्वर. कुलाचार आणि हवापालट दोन्ही एकाच प्रवासात उरकावे, असा त्यांचा हेतु असतो. हेतु उत्तम आहे. परंतु नदीकाठी वाढलेल्या माणसाने समुद्रकाठी कसे वागावे, हे त्यास कोणी सांगितलेले नसते, आणि या अज्ञानाची किंमत कधी कधी फार जबर पडते. म्हणून हा लेखनप्रपंच.

केव्हा जावे

मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत सुखाचा. दिवाळीची सुटीही वाईट नाही. वैशाखात आंबा मिळतो हे खरे. परंतु त्याच दिवसांत तेथील विहिरी तळ गाठतात आणि हवा कोंदट होते. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तेथे पाऊस उतरतो व समुद्र खवळतो. तेव्हापासून नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्याजवळ जाण्याचा विचारच करू नये. ज्यांचा जन्म समुद्रावर गेला असे कोळीसुद्धा नारळी पौर्णिमेस नारळ वाहिल्यावाचून होडी पाण्यात घालीत नाहीत. मग आपण पाहुण्यांनी त्यांच्याहून धीट होण्याचे कारण काय?

उष्म्याविषयी आमच्या लोकांची एक ठाम समजूत असते. ‘यवतमाळचा चव्वेचाळीस अंशांचा उन्हाळा आम्ही काढतो, तेथील तेहेतीस अंश ते काय!’ असे ते म्हणतात. हा हिशेब चुकीचा आहे. आमची हवा कोरडी. घाम येतो व तत्काळ वाळतो, आणि वाळताना अंग गार करितो. कोकणची हवा आधीच बाष्पाने भरलेली. तेथे घाम अंगावर तसाच राहतो आणि शरीराची उष्णता निघून जात नाही. ज्या कूलरच्या जिवावर आपण वैशाख काढतो, तो तेथे निरुपयोगी ठरतो, त्याचेही कारण हेच. तेव्हा सकाळी नवाच्या आत व सायंकाळी चारानंतर बाहेर पडावे, सुती सैल कपडे वापरावे, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, लिंबाचे अथवा कोकमाचे सरबत मीठ घालून घेत राहावे. रक्तदाबाची किंवा मूत्रल औषधे घेणाऱ्या वडील मंडळींनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस अवश्य विचारावे.

तिथीवरून भरती कशी काढावी

समुद्राचे पाणी चोवीस तासांत दोनदा चढते व दोनदा उतरते, आणि ही वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. चंद्राच्या आकर्षणाने हे घडत असल्यामुळे आपले पंचांग येथे घड्याळाचे काम देते. कोकणातील जुनी रीत अशी आहे : तिथीचा अंक घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास दिवसा व रात्री पूर्ण भरती असते. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन. म्हणून तीन वाजता भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे नवाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीस सहा वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास. शुक्ल व कृष्ण दोन्ही पक्षांस नियम एकच. स्थळपरत्वे तासा-अर्ध्या तासाचा फरक पडतो, म्हणून हा हिशेब अंदाजाचा समजावा. नेमकी वेळ हवी असल्यास भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आहेत. आणि त्यांहूनही सोपे म्हणजे किनाऱ्यावरील एखाद्या कोळ्यास नम्रपणे विचारावे.

पौर्णिमा व अमावास्या यांच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते, त्यामुळे पाणी अधिक चढते व अधिक उतरते. यास उधाण म्हणतात. मुंबईस अशा दिवशी पाणी साडेचार मीटरांच्या घरात चढते. अष्टमीच्या सुमारास हा चढउतार सर्वांत कमी, तो भांग. आता गंमत अशी की, धर्मशास्त्राने समुद्रस्नानाचे पुण्य सांगितले ते पर्वकाळी, आणि पर्वकाळ म्हणजेच बहुधा उधाण! यात विरोध आहे असे आम्हांस वाटत नाही. स्नान म्हणजे पोहणे नव्हे. काठाशी बसून, लाट ओसरल्यावर तांब्याने डोक्यावर पाणी घेतले तरी स्नानविधि यथासांग पार पडतो.

याच रीतीने दुसरा एक हिशेब करून पाहावा. संकष्टीस, विशेषतः अंगारकीस, गणपतीपुळ्यास मोठी गर्दी लोटते. चतुर्थीची भरती तीनच्या सुमारास पूर्ण होते. दर्शन, प्रसाद व थोडी विश्रांति आटोपून मंडळी चार-पाच वाजता पाण्यात उतरतात. म्हणजे नेमकी ओहोटी लागलेली असते आणि पाणी समुद्राकडे ओढ घेत असते. हजारो माणसे पाण्यात आहेत म्हणून पाणी निर्धोक आहे, हा समज त्या वेळी सर्वांत घातक होय. पाण्यात पाय ओले करावयाचे ते भरती चढू लागली असता, आणि ओहोटी लागताच सर्वांनी बाहेर यावे, हा नियम घरातील प्रत्येकाने पाठ करावा.

पाण्यात उतरताना

दिनांक १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. ती मुले तरुण होती, सुशिक्षित होती. समुद्र वय पाहत नाही आणि पदवीही पाहत नाही.

आमच्याकडील जी मुले नदीच्या डोहात पोहावयास शिकलेली असतात, त्यांचीच चिंता अधिक वाटते. डोहाचे पाणी एका जागी असते; समुद्राचे पाणी आपल्या पायाखालची वाळूही घेऊन जाते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत वळते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून तो भाग वरून शांत दिसतो व अजाण माणूस तेथेच उतरतो. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये. उत्तम पोहणाराही त्यात थकून जातो. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून हाक द्यावी, आणि पोहता येत असल्यास किनाऱ्यास समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर पडून मग वळावे.

दुसरा कोणी बुडत असल्यास त्याच्या मागोमाग उडी घालू नये. एकास वाचविण्यासाठी दुसरा व दुसऱ्यासाठी तिसरा, अशी घरेच्या घरे बुडाल्याची उदाहरणे आहेत. दोर, काठी, बांधलेली धोतरे, झाकण लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा, जे तरंगते किंवा पोहोचते ते फेकावे, आणि स्थानिक माणसांस बोलवावे. बाहेर काढलेल्या माणसास उलटे टांगू नये, पोट दाबून पाणी काढण्याच्या खटपटीत वेळ घालवू नये. त्यास उताणे निजवून श्वास पाहावा. श्वास नसल्यास तोंडाने श्वास द्यावा व छाती दाबण्यास आरंभ करावा. ही क्रिया घरातील निदान दोघांनी आधी शिकून घ्यावी. रुग्णवाहिकेसाठी १०८, सर्व प्रकारच्या साहाय्यासाठी ११२ आणि तटरक्षक दलासाठी १५५४ हे क्रमांक प्रत्येकाजवळ असावेत.

मुलांविषयी एकच सांगणे. एकत्र कुटुंबात सर्वांचे लक्ष असते असे वाटते, आणि म्हणूनच कोणाचेच नसते. काका समजतात आत्या पाहते आहे, आत्या समजते काका पाहत आहेत. तेव्हा एका मुलामागे एक मोठे माणूस नाव घेऊन नेमावे, आणि त्या माणसाने तेवढा वेळ छायाचित्रे काढू नयेत. स्त्रियांनी लुगडे किंवा साडी नेसून घोट्याच्या वर पाणी येईल इतके आत जाऊ नये. भिजलेले वस्त्र पायांत गुंडाळते व जड होते. खडकांवर कालवांची धारदार कवचे असतात, म्हणून पायांत पादत्राण असावे. जेलीफिश डसल्यास जागा चोळू नये, गोड्या पाण्याने धुऊ नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. मोटार वाळूवर नेण्याचा मोह तर सर्वथा टाळावा. भरती तिची वाट पाहत थांबत नाही.

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा

हरिहरेश्वरास प्रथम काळभैरवाचे, नंतर हरिहरेश्वराचे व पुन्हा काळभैरवाचे दर्शन घेण्याची प्रथा आहे. तेथील प्रदक्षिणामार्ग डोंगरावरून पायऱ्यांनी उतरून समुद्रातील खडकांवरून जातो, आणि भरतीस तो पाण्याखाली असतो. लाटेने माणसे ओढून नेल्याच्या दुर्घटना तेथे घडलेल्या आहेत. प्रदक्षिणा पूर्ण ओहोटीच्या सुमारासच करावी, आणि पुजारी किंवा गावकरी ‘आज नको’ म्हणाले तर देवळासच प्रदक्षिणा घालून नमस्कार करावा. देव मार्गावरील भरतीहून अधिक क्षमाशील आहे. गणपतीपुळ्यास प्रदक्षिणा डोंगरास घालावयाची असते. तेथील वाट बांधलेली आहे व वडील मंडळींसही हळूहळू जमण्यासारखी आहे.

यजमानांच्या घरी

कोकणात आता पुष्कळ गावी घरगुती निवास व जेवणाची सोय मिळते. तेथे जेवणाची संख्या सकाळीच सांगावी लागते. ऐनवेळी दहा पाने वाढावयास सांगणे हा यजमानीणबाईंवर अन्याय आहे. मुख्य अन्न भात. पोळी किंवा भाकरी हवी असल्यास, विशेषतः मधुमेही माणसांसाठी, आधी कळवावे. पाण्याविषयी यवतमाळकरांस काय सांगावे! टँकरची वाट पाहणे म्हणजे काय ते आपण जाणतो. समुद्रावरून आल्यावर वाळू अंगणातच झटकावी आणि खारे अंग एका बादलीत धुवावे.

घर कोणी राखावे

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अशा प्रवासाचा बेत ठरतो तेव्हा एकत्र कुटुंबात कोणी तरी ‘मी घर राखते, तुम्ही जाऊन या’ असे म्हणते. बहुधा ती घरातील आजी असते, किंवा विधवा आत्या. ती मनापासून बोलते असे सर्वजण धरून चालतात, कारण तसे धरणे सोयीचे असते. ज्या कुलदैवताचे नाव घेऊन तिने पन्नास वर्षे नैवेद्य दाखविला, ते तिने पाहिलेले नसते. ज्या समुद्राच्या गोष्टी तिने नातवंडांस सांगितल्या, तोही नाही.

तिला नेणे कठीण नाही. रेल्वेत खालची शय्या मागावी. धामणगावास किंवा बडनेऱ्यास गाडीत बसवून मुंबईस अथवा पुण्यास एक दिवस मुक्काम करावा, म्हणजे प्रवासाचे दोन तुकडे होतात. औषधे दुप्पट दिवसांची घ्यावीत व त्यांची नावे कागदावर लिहून ठेवावीत. पायऱ्या नसलेले, किनाऱ्याजवळचे तळमजल्याचे घर घ्यावे. ओहोटीनंतर ओली वाळू टणक असते. तीवरून काठी टेकीत चालता येते. सकाळच्या वेळी एक हलकी खुर्ची तेथे मांडावी, सोबतीस एक नातवंड ठेवावे, आणि पाणी तिच्या पायांपर्यंत येऊ द्यावे. घर राखण्यास कुलूप आहे, शेजारी आहेत. वरील सर्व दक्षता ज्यासाठी घ्यावयाची, ते एवढेच आहे की जितकी माणसे घरातून निघाली तितकी परत यावीत. परंतु निघताना मात्र एकही माणूस मागे राहू नये, याचीही मोजदाद त्याच काळजीने करावी.